पाणी वरून ओतणारा हात कोणाचा? मेटा सर्च इंजिन आणि आपली माहितीची लढाई

सुरुवात आमच्या चुकीपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातून रात्री नऊच्या सुमारास आम्हाला फोन आला. वस्तीतल्या मुलाची वरात मुख्य रस्त्याने नेली म्हणून मारहाण झाली होती. नवरदेवाचा मामा बोलत होता. "दादा, ठाण्यातले म्हणत्यात, आधी वरच्या साहेबांची चौकशी हुईल, मग गुन्हा. असा कायदाच हाय म्हणं. खरं हाय का?"

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले, रोज वस्त्यांमध्ये फिरणारे. कायद्याचे दोन शिबिरे तरी घेतलेली. तरी खात्री करावी म्हणून मोबाईलवर प्रश्न टाकला. वरच्या तिन्ही निकालांत एकच बातमी : सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अॅट्रॉसिटीत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी होऊ शकते आणि अटकेपूर्वी वरिष्ठांची परवानगी लागते. बातमी नामांकित वर्तमानपत्राची होती, खोटी नव्हती. आम्ही मामांना सांगितले, "निकाल तसा आहे खरा. दोन दिवस थांबू, मग बघू."

तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात एका ज्येष्ठ वकिलांनी आम्हाला उभे-आडवे घेतले. "कलम १८-अ वाचलंय का नाही?" ती बातमी २० मार्च २०१८ च्या निकालाची होती. त्यानंतर २ एप्रिलला देशभर बंद झाला, ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले, १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरवले. गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही, अटकेला परवानगी लागत नाही. हे सगळे आमच्या फोनवरच होते, फक्त खाली होते. आम्ही खाली गेलोच नाही.

गुन्हा नोंद झाला. पण मधल्या दोन दिवसांत दोन साक्षीदारांच्या घरी माणसे जाऊन आली आणि ते दोघेही फिरले. त्याची जबाबदारी आम्ही पोलिसांवर ढकलू शकतो, जातीयवादी गावगाड्यावर ढकलू शकतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या दोन दिवसांतला आमचा वाटा आमचाच आहे.

विशेष म्हणजे तो २०१८ चा निकाल कुठल्या दूरच्या राज्यातल्या प्रकरणात आलेला नव्हता. त्याचे मूळ आपल्या शेजारच्या कराडमधल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या तक्रारीत आहे. ज्या कायद्यासाठी आपली माणसे रस्त्यावर उतरली, तो पुन्हा मजबूत झाला ही बातमी आपल्याच कार्यकर्त्यापर्यंत पोहोचली नाही. का पोहोचली नाही, या प्रश्नाने आम्हाला शोधयंत्रांच्या मागे लावले.

वरचा निकाल वर का येतो?

सर्च इंजिन म्हणजे काय, हे आपण रोज वापरूनही क्वचितच विचारतो. कंपनीची यंत्रे इंटरनेटवरची पाने सतत वाचत फिरतात, त्यांची एक प्रचंड सूची तयार करतात आणि आपण शब्द टाकला की त्या सूचीतून पाने काढून क्रम लावतात. क्रम लावताना किती लोकांनी ते पान पाहिले, किती ठिकाणाहून त्याला जोडले गेले आहे, पान कोणत्या भाषेतले, आपण कुठून विचारतो, आधी काय पाहिले, असे अनेक हिशेब असतात. 'ही माहिती आजही लागू आहे का?' हा हिशेब त्यात असलाच तर दुबळा असतो. जो निकाल देशभर गाजला त्याच्या बातम्या शेकड्यांनी झाल्या. जी दुरुस्ती शांतपणे राजपत्रात आली तिच्या बातम्या तुलनेने थोड्या. मग वर काय येणार?

ह्यात कोणी मुद्दाम कट केला असे आम्ही म्हणत नाही. पण जो क्रम गाजावाजावर आणि धंद्यावर ठरतो, तो क्रम तटस्थ आहे असेही कोणी आम्हाला सांगू नये. गुगलच्या संस्थापकांनीच १९९८ साली विद्यापीठात असताना लिहिलेल्या शोधनिबंधात मान्य केले होते की जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र वाचकांपेक्षा जाहिरातदारांकडे झुकते. पुढे तीच कंपनी जगातली सर्वांत मोठी जाहिरात कंपनी झाली. आपल्या फोनवर तीच खिडकी आधीपासून उघडी का असते? कारण ती जागा विकत घेतलेली असते. फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना गुगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधाच्या क्षेत्रातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अभ्यासक सफिया नोबल यांनी 'अल्गोरिदम्स ऑफ ऑप्रेशन' हे पुस्तक २०१८ साली लिहिले. काळ्या मुलींविषयी साधे शब्द टाकले तर शोधयंत्र त्यांना अश्लील पानांवर कसे नेऊन सोडत होते, तिथून त्यांचा शोध सुरू झाला. जिथे समाजात विषमता आहे तिथे क्रमवारीतही ती उतरते, हा त्यांचा मुद्दा आपल्याला परका वाटू नये.

महाडचे तळे आठवा. १९२७ पूर्वी आपल्या माणसाला पाणी मिळतच नव्हते असे नाही. पण ते कोणीतरी वरून ओतायचे. केव्हा ओतायचे, किती ओतायचे, हे ओतणारा हात ठरवायचा. बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी तळ्यात उतरले आणि स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले. माहितीच्या बाबतीत आपण आज कुठे उभे आहोत? वरून पडेल ते ओंजळीत धरून प्यायचे, की पायऱ्या उतरायच्या?

मेटा सर्च इंजिन म्हणजे काय

या पायऱ्यांपैकी एक म्हणजे मेटा सर्च इंजिन. नाव मोठे आहे, कल्पना साधी आहे. त्याची स्वतःची सूची नसते. आपण टाकलेला प्रश्न ते एकाच वेळी अनेक शोधयंत्रांना विचारते, सगळ्यांची उत्तरे गोळा करते, दोनदा आलेली पाने एकत्र करते आणि एक सामाईक यादी आपल्यासमोर ठेवते. एकाच साक्षीदारावर न थांबता पाच जणांचे जबाब घेण्यासारखे आहे ते.

ही कल्पना गुगलपेक्षाही जुनी आहे. १९९५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात 'मेटाक्रॉलर' तयार झाले, १९९६ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर विद्यापीठात 'मेटागेर'. तेव्हा एकाही शोधयंत्राकडे सगळे इंटरनेट नव्हते, म्हणून सगळ्यांना विचारणे भाग होते. आज सगळे काही एकाकडे आहे असा समज झाला आहे, म्हणून विचारणे बंद झाले. आज कार्यकर्त्याला वापरता येण्याजोगे साधन म्हणजे 'सीअरएक्स-एनजी'. इंग्रजी अक्षरे एस, ई, ए, आर, एक्स, एन, जी अशी. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कोणाच्या मालकीचे दुकान नाही. ज्याला संगणकाची माहिती आहे तो ते आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो आणि अनेकांनी ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे. त्यातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक निकालाखाली तो कोणकोणत्या शोधयंत्राने दिला त्यांची नावे असतात. साक्ष कोणाची, ते समोर दिसते.

आमच्या अभ्यासवर्गात काय झाले

वरच्या घटनेनंतर आम्ही वस्तीतल्या दहा-बारा मुलामुलींना घेऊन रविवारी संध्याकाळी बसायला लागलो. पहिला प्रश्न घेतला माणगावचा. २१ आणि २२ मार्च १९२० ची माणगाव परिषद कोल्हापूरच्या पोराला माहीत नसेल तर कोणाला असणार? अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब अध्यक्ष आणि व्यासपीठावर राजर्षी शाहू महाराज. पण मुलांनी फक्त 'माणगाव' टाकले आणि समोर आले रायगड जिल्ह्यातले माणगाव, कोकण रेल्वेचे स्टेशन, मग सिंधुदुर्गातले टेंबे स्वामींचे माणगाव. आपले हातकणंगले तालुक्यातले माणगाव कुठेतरी तळाला. यंत्राचा दोष म्हणावा तर प्रश्नही आपलाच अर्धा होता.

मग प्रश्न बदलला. 'माणगाव परिषद १९२०', जुन्या वळणाचे अनुस्वारवाले 'माणगांव', 'बहिष्कृत वर्ग परिषद', आणि इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगने. प्रत्येक वेळी मेटा सर्चमध्ये यादी वेगळी आली. एका यंत्राने दिलेले दुसऱ्याला माहीतच नव्हते. 'मूकनायक' शोधतानाही तोच अनुभव. इंग्रजीत तो शब्द जोडून लिहिला की एक जग, तोडून लिहिला की दुसरे.

एक गोष्ट मात्र आम्हाला नंतर उमगली. मेटा सर्च इंजिन क्रम कसा लावते? जे पान जास्त यंत्रांनी दिले ते वर. म्हणजे इथेही बहुमत! आणि बहुमताने सत्य ठरत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला हवे का? गावच्या बहुमताने तर आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले होते. म्हणून आम्ही मुलांना उलटे वाचायला शिकवले. यादीच्या तळाशी जा. ज्या निकालाखाली एकाच यंत्राचे नाव आहे, तो आधी उघडून बघा. आमच्या वर्गात शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या भाषणांचा स्कॅन केलेला खंड असाच सापडला : एकाच यंत्राने दिलेला, दुसऱ्या पानावर, कोणी न उघडलेला. वर होते ते सगळे त्यावरून कोणीतरी केलेल्या उताऱ्याचे उतारे.

दुसरा प्रश्न घेतला आपल्या घोषवाक्याचा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' वर्गातल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर आहे. मराठीत शोधले तर हाच क्रम हजार ठिकाणी. इंग्रजीत शोधले तर वेगळाच : आधी शिका, मग चेतवा, मग संघटित व्हा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे इंग्रजी भाषण केले त्यात क्रम हा दुसरा आहे. ते शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १७ व्या खंडात छापलेले आहे. एक पोरगा अडून बसला. "सर, इतक्या ठिकाणी तेच लिवलंय की, मग चुकीचं कसं असंल?" आम्ही त्याला चार पाने शेजारी-शेजारी उघडायला सांगितली. चारही पानांवर तिसऱ्या ओळीत एकच अक्षर चुकले होते. त्याच्या लक्षात आले. चार साक्षीदार नव्हते, एकच होता आणि तिघांनी त्याची नक्कल केली होती.

घोषवाक्य बदला असे आमचे म्हणणे नाही. चळवळीने आपल्या भाषेत घडवलेल्या क्रमालाही इतिहास आहे. पण संघटना बांधण्याआधी अन्यायाची चीड पेटवावी लागते की चीड पेटवण्याआधी संघटना लागते, हा कार्यकर्त्यासाठी जिवंत प्रश्न आहे. दोन्ही क्रम डोळ्यासमोर असतील तरच त्यावर वाद घालता येईल. एका खिडकीने तो वादच आपल्यापासून लपवून ठेवला होता.

तिसरा प्रश्न आमच्या चुकीचा : अॅट्रॉसिटी, प्राथमिक चौकशी, परवानगी. मेटा सर्चमध्येसुद्धा २०१८ ची बातमी वरच होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक इतकाच पडला की शेजारी २०२० च्या निकालाचे पान दिसले. दोन उत्तरे एकमेकांच्या विरोधात आहेत हे दिसले की माणूस थांबतो, तारखा बघतो. मग मुलांना केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर नेले आणि दुरुस्तीसह अख्खा कायदा उघडला. नुकसानभरपाईच्या रकमेचेही तसेच. १४ एप्रिल २०१६ रोजी नियम बदलले आणि मदतीची रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपये झाली. जुनी ७५ हजार ते साडेसात लाखांची पाने अजून सापडतात. एखाद्या विधवेला जुना आकडा सांगितला तर तिच्या हक्काचे पैसे आपण आपल्या तोंडाने कमी केलेले असतात.

आक्षेप आणि मर्यादा

काही साथी म्हणतील, "हे सुशिक्षितांचे चोचले आहेत. रस्त्यावरची लढाई सोडून सर्च इंजिनवर लेख कसले लिहिता?" त्यांना आम्ही त्या वरातीतल्या दोन फिरलेल्या साक्षीदारांकडे बोट दाखवू. रस्त्यावरची लढाई आपण जिंकली होती. ती जिंकल्याची माहिती नसल्यामुळे ठाण्याच्या दारात हरलो.

काही म्हणतील, "आता एआय आहे, थेट उत्तर देते, यादी कशाला चाळायची?" आमचे उत्तर असे की यादीत निदान कोण बोलतो ते दिसते. थेट उत्तरात बोलणाऱ्याचा चेहराच पुसला जातो. तथागतांनी कालामांना काय सांगितले होते? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. यंत्र सांगते म्हणून माना, असा अपवाद त्यात आम्हाला कुठे सापडला नाही.

पण मेटा सर्च इंजिनची भक्ती सुरू करू नका. त्याच्या मर्यादा खऱ्या आहेत. पहिली : विहिरी पाच दिसल्या तरी झरा एकच असू शकतो. डकडकगो, याहू, इकोसिया यांचे निकाल मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या बिंगमधूनच येत आले आहेत, स्टार्टपेजचे प्रामुख्याने गुगलमधून. म्हणून निवड करताना ज्यांची स्वतःची सूची आहे, उदाहरणार्थ ब्रेव्ह किंवा ब्रिटनमधले मोजीक, त्यांना यादीत ठेवा. दुसरी : मोठ्या कंपन्या हा नळ केव्हाही बंद करू शकतात. याहूने जाहिरातींचा करार संपवल्यावर २०२४ मध्ये मेटागेरला आपली मोफत सेवा थांबवावी लागली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इतरांना बिंगचे निकाल देणारी जुनी सोयच बंद केली. गुगलही अशा खुल्या सर्व्हरना मधूनमधून अडवते. तिसरी : तुमचा प्रश्न गुगलला तुमच्या नावाने जात नाही हे खरे, पण तो सर्व्हर चालवणाऱ्याला दिसू शकतो. पीडित कुटुंबाचे नाव, गाव, गुन्हा नंबर कुठल्याही खिडकीत टाकू नका.

आणि सर्वांत मोठी मर्यादा : जे इंटरनेटवर चढवलेलेच नाही ते पाच काय, पन्नास यंत्रांना विचारले तरी सापडणार नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे सगळे सांगतात. त्या आदेशामागचे आणि त्यानंतरचे किती कागद मोडी लिपीत कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत, ते वाचायला आपल्यातले किती जण जातात? माणगावच्या परिषदेला गेलेल्या माणसांच्या नातवंडांच्या पेटीत काय आहे, हे कोणत्या सूचीत आहे?

करायचे काय

आम्ही आमच्या वर्गात चार गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही आपल्या वस्तीत करून बघा.

पहिली, कायदा, योजना किंवा शिष्यवृत्ती यांविषयी काही सांगण्यापूर्वी पानाची तारीख बघायची आणि मूळ सरकारी पान उघडायचे. बातमीवर थांबायचे नाही.

दुसरी, एकच प्रश्न किमान दोन भाषांत आणि दोन-तीन स्पेलिंगने विचारायचा आणि मेटा सर्चच्या तळाचे निकाल आधी वाचायचे.

तिसरी, बाबासाहेबांचे वाक्य बॅनरवर किंवा स्टेटसवर टाकायचे असेल तर खंड आणि पान सापडल्याशिवाय टाकायचे नाही. शासनाने १९७९ पासून काढलेले इंग्रजी खंड आज मोफत वाचता येतात, १८ वा खंड तर मराठी भाषणांचाच आहे. बिंदू चौकातल्या पुतळ्याला हार घालणारा हात खंडाचे पानही उलटू दे.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : महिन्याला एक तरी नवी गोष्ट आपण स्वतः लिहून, तारीख आणि आधार देऊन, खुल्या जागी ठेवायची. गावच्या लढ्याची हकीकत असेल, आजोबांकडच्या हँडबिलाचा फोटो असेल, १८-अ चा सोप्या मराठीतला खुलासा असेल. यंत्रे जे आहे तेच शोधतात. आपले तिथे नसेल तर आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेलेच आपल्या मुलांना सापडत राहील.

त्या मामांना आम्ही पुढे भेटलो तेव्हा माफी मागितली. ते म्हणाले, "दादा, तुमी मुद्दाम थोडंच केलं. पर पुढच्या येळंला नीट बघून सांगा." आमच्या अभ्यासवर्गाचा सगळा जाहीरनामा एवढाच आहे.

जय भीम!